मधल्या खोलीतलं बोलणं

१

वैशाख लागला की खामगावच्या जिनिंगा बंद असतात. कापूस संपलेला, भोंगे गप्प, बाजारपेठेत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. दुपारी एक ते चार या वेळात गावाला आवाजच नसतो. महादेवरावांना ही वेळ फार सोयीची होती. सदुसष्ट सालच्या त्या उन्हाळ्यात त्यांचं लिहिणं हातानं नव्हे, तोंडानं चालायचं.

महादेवराव रहस्यकथा लिहीत. निवृत्त होईपर्यंत पस्तीस वर्षं त्यांनी कॉलेजात पदार्थविज्ञानही शिकवलं होतं, पण त्या कामासाठी त्यांना जुन्या विद्यार्थ्यांपलीकडे कोणी ओळखत नव्हतं. लोक ओळखत ते ध्वनितज्ज्ञ मेघश्यामचे लेखक म्हणून. हा मेघश्याम पिस्तूल बाळगत नसे. खिशात चिमुकला मायक्रोफोन आणि डोक्यात बिनतारी विद्येची सूत्रं, एवढ्यावर तो खुनी पकडे. व्हॉल्व्ह, ट्रान्समीटर, चोरून ऐकणारे टेलिफोन असल्या वस्तूंवर त्याची प्रकरणं उलगडत. म्हणून पुण्याच्या प्रकाशकानं मुखपृष्ठावर 'इलेक्ट्रॉनिक कादंबरी' असं छापायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. अशी एक्केचाळीस पुस्तकं झाली. गावच्या वाचनालयात त्यांच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कोणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवी, पुढच्या वाचकाचा विरस व्हावा म्हणून. महादेवराव वरवर चिडत. मनातून त्यांना बरं वाटे. निदान शेवटपर्यंत वाचलं कोणीतरी. आपण लिहितो ते साहित्य आहे की नुसती वायरिंग, ही शंका मात्र त्यांना रोज सकाळी दात घासताना न चुकता येई.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. सही करायची तर चार ठिकाणी टाक अडखळे. तेव्हा त्यांनी मुंबईहून टेपरेकॉर्डर मागवला. सुटकेसएवढं धूड, वर फिरणाऱ्या दोन चकत्या, मधून सरकणारी तपकिरी फीत. पुढच्या बाजूला एक हिरवा दिवा होता. मायक्रोफोनमध्ये आवाज गेला की त्या दिव्यातली उजेडाची पाकळी मिटायची, गप्प बसलं की उघडायची.

दुपारी दोन वाजता बाहेरच्या खोलीत, वाळ्याच्या ओल्या ताटीआड बसून महादेवराव एक प्रकरण सांगत. पाच वाजता पुंजाजी येई. पुंजाजी हा कोर्टासमोर बसणारा अर्जनवीस, अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. तो टेप लावून, थांबवत थांबवत कच्चं उतरवून घेई, घरी नेऊन पक्कं करी आणि दुसऱ्या दिवशी पाचला आणून देई. फीत एकच होती. कालचं प्रकरण आजच्या प्रकरणाखाली पुसलं जाई.

मधल्या खोलीत बाजेवर महादेवरावांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई असत. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. घरातल्या घरात त्या भिंतीला हात लावून फिरत, स्वयंपाकही करत, पण माणूस ओळखायचा तो आवाजावरून. त्यामुळे रोज पाच वाजता एक गंमत होई. पुंजाजीनं टेप लावली की त्यांना वाटे, नवराच बोलतोय. टेपवरचे महादेवराव करड्या स्वरात विचारीत, 'इतका उशीर का झाला?' आणि आतून उत्तर येई, "उशीर कुठं? आत्ता त पाच वाजले!"

"बाई, सर नाहीत ते," पुंजाजी हसत हसत ओरडे. "डबा बोलून राह्यला."

"डबा त डबा," अन्नपूर्णाबाई म्हणत. "माह्याशी बोलते त खरं."

महादेवराव तेव्हा ओट्यावर येरझारा घालत उद्याचं प्रकरण जुळवत असत. हे त्यांच्या कानावर पडे, पण ते त्यात नसत.

२

सातव्या प्रकरणात मेघश्याम मुंबईतल्या एका बंद बंगल्यात शिरतो. पुंजाजीनं आणून दिलेली पक्की प्रत महादेवराव ओट्यावर वाचत होते. तिसऱ्या पानावर ते थबकले.

'मेघश्यामने मेजावरील कागद उचलून प्रकाशात धरला. हाव, घेतली मी गोळी, तू पड जराशी. कागदावर कोणतीही खूण नव्हती.'

त्यांच्या कानशिलांना घाम फुटला. पहिल्यांदा आली ती लाज. तरुणपणी पुण्याला शिकताना खाणावळीतली मुलं त्यांच्या 'करून राह्यलो'ची नक्कल करीत आणि ताटं वाजवीत. तेव्हापासून त्यांनी आपली बोली घराच्या उंबऱ्याच्या आत ठेवली होती. एक्केचाळीस पुस्तकांत वऱ्हाडीचा एक शब्द सापडला नसता. आणि आता हे वाक्य, मेघश्यामच्या दोन वाक्यांच्या मधोमध.

"पुंजाजी, हे काय लिहिलं?"

पुंजाजीनं डोकं खाजवलं. "आयकलं ते लिवलं सर. आवाज तुमचाच. मी म्हटलं बदमाश लोकाईले फसवासाठी मेघश्याम वऱ्हाडी बोलत असन."

"कोणाला पड म्हणतोय तो? खोलीत दुसरं कोणी नाही."

"ते मले काय माहीत? पण सर, मजा झाली बरं. बाईनं आतून इचारलं, गोळी घेतली काय? आन् लगेच टेप बोल्ली, हाव, घेतली. काय टाइम साधला! मी त हसलोच."

महादेवराव हसले नाहीत, पण त्यांचा जीव खाली बसला. उलगडा सोपा होता. रक्तदाबाच्या गोळीचं अन्नपूर्णाबाई रोज विचारीत. दुपारी आपण सांगत असताना त्यांनी विचारलं असणार, आपण मायक्रोफोन न थांबवता उत्तर दिलं असणार, आणि संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारायला आणि ते वाजायला एक गाठ पडली. विद्यार्थ्यानं यापेक्षा वेगळं स्पष्टीकरण दिलं असतं तर त्यांनी गुण कापले असते.

तरी ते मधल्या खोलीत गेले. "काल दुपारी मी सांगत असताना तू गोळीचं विचारलं होतं ना?"

"दुपारी?" अन्नपूर्णाबाईंनी चेहरा आवाजाकडे वळवला. "दुपारी त मी झोपली असते. पाच वाजता इचारलं. तुम्ही सांगतलं ना, घेतली म्हणून? मले पड म्हणाले. काऊन, नव्हती घेतली?"

"घेतली होती," महादेवराव म्हणाले. खरं तर काल ते गोळी विसरले होते.

फीत लावून खात्री करावी म्हटलं, तर त्या फितीवर दुपारीच आठवं प्रकरण चढलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी त्यांनी बंदोबस्त केला. अन्नपूर्णाबाई झोपल्याचं पाहिलं, मधलं दार लावलं, मग यंत्र सुरू केलं. नववं प्रकरण त्यांच्या डोक्यात कडीला कडी जोडून तयार होतं. पस्तीस वर्षं घड्याळाकडे पाहून शिकवलेला माणूस. बोलताना अडखळायची त्यांना सवय नव्हती. फक्त एकदा, एका वाक्यानंतर ते घोट गिळायला थांबले आणि सहज हिरव्या दिव्याकडे त्यांची नजर गेली.

पाकळी मिटलेली होती.

ते गप्प होते. बाहेर गल्लीत कोणी नव्हतं. ताटीतून पाण्याचा एक थेंब खाली पडला, तेवढाच आवाज. पाकळी जराशी उघडली, थरथरली, पुन्हा मिटली, बोलणाऱ्याच्या तोंडासारखी. त्यांनी दिव्यावर टिचकी मारली. मग ती उघडली. विजेचा दाब कमीजास्त होतो, उन्हाळ्यात फारच. त्यांनी पुढचं वाक्य सांगितलं.

संध्याकाळी ते ओट्यावर गेले नाहीत. पुंजाजीच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

प्रकरण सगळं जागच्या जागी होतं. एकही शब्द परका नव्हता. पण वाक्यांच्या मध्ये खिंडारं होती. महादेवराव जिथं थांबले नव्हते तिथं टेपवरचे महादेवराव थांबत होते.

"मेघश्यामने दिवा मालवला," टेप म्हणाली आणि गप्प झाली. फीत फिरत राहिली.

"आज कंबर लय दुखून राह्यली," मधल्या खोलीतून अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

फीत फिरतच होती.

"नाही, तितकी नाही. सकाळी तेल लावलं होतं."

थोडा वेळ गेला. मग त्या हलकेच हसल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या आता. पुढचं सांगा तुमचं."

"अंधारात कोणीतरी श्वास घेत होते," टेप म्हणाली.

पुंजाजीनं बोरू थांबवला होता. त्यानं महादेवरावांकडे पाहिलं. महादेवराव उठून आत गेले.

"कोणाशी बोलतेस?"

"घ्या! तुमच्याशीच की." अन्नपूर्णाबाईंच्या तोंडावर अजून हसू होतं. "आत्ता इचारलं ना तुम्ही, शेकाले पाणी गरम करून देऊ काय म्हणून? बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा इचारलं, म्हणून हसू आलं."

हे हसू महादेवरावांनी कधी पाहिलं होतं ते त्यांना आठवेना. डोळे गेले की कान तिखट होतात, आणि तिखट कान रिकाम्या जागा आपल्या मनानं भरून काढतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. वाक्य चांगलं जमलं होतं. एखाद्या पुस्तकात घालता आलं असतं.

रात्रभर त्यांना झोप लागली नाही. खिंडारं फितीवर होती, अन्नपूर्णाबाईंच्या कानात नव्हती. ती कोणी पाडली? आपणच, आणि आपल्याला कळलं नाही? वयाच्या सहासष्टाव्या वर्षी माणसाच्या डोक्याचं काय सांगावं?

४

त्या आठवड्यात प्रकाशक उत्तमराव शेगावला महाराजांच्या दर्शनाला आले होते. त्यांनी निरोप धाडला, झालेली प्रकरणं घेऊन या. महादेवरावांना घराबाहेर पडायचं नव्हतं, पण नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. निघताना त्यांनी टेपरेकॉर्डरचं झाकण लावलं, कुलूप घातलं, आणि भिंतीतून वायर काढून स्वतःच्या पिशवीत टाकली. शेजारच्या जनकाबाईंना दुपारच्या जेवणाचं सांगितलं आणि जलंबला गाडी बदलून ते शेगावला पोचले.

उत्तमराव लॉजच्या खाटेवर पाय पसरून बसले होते. त्यांनी पानं चाळली.

"प्रोफेसर, तुमच्या डोक्याला तोड नाही. पण एक सांगू का? रागावू नका. तुमच्या पुस्तकात माणसं बोलतच नाहीत हो. यंत्रं बोलतात, आणि माणसं ऐकत बसतात."

महादेवराव काहीतरी बोलून हसले. परतीच्या गाडीत ते वाक्य त्यांच्या दातात बडीशेपेसारखं अडकून राहिलं.

साडेपाचला ते गल्लीत शिरले. जनकाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"आँ? सर, तुम्ही पुन्हा बाहेर कधी गेले? मी डबा घेऊन आली त आत तुमचं दोघाईचं बोलणं चालू होतं. म्हटलं मधात काऊन जा. उंबऱ्यात डबा ठेवला आन् आली परत."

"रेडिओ असेल," महादेवराव म्हणाले. जनकाबाईंच्या घरचा रेडिओ दिवसभर ओरडत असे. जनकाबाईंनी मान हलवली, पण तांदूळ निवडायचं थांबवलं.

यंत्राचं कुलूप जागेवर होतं. वायर त्यांच्या पिशवीत होती. मधल्या खोलीत अन्नपूर्णाबाई बाजेवर मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे रडून सुजले होते. तोंड मात्र कसं शांत, अंगावरून पाणी घेतल्यासारखं.

"बरं केलं सांगतलं ते," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पोरीचं."

लग्नानंतर पाचव्या वर्षी त्यांना एक मुलगी झाली होती. नवव्या दिवशी गेली. बारसं व्हायच्या आत. त्या विषयावर या घरात कोणी एक शब्द बोललं नव्हतं. महादेवराव तर त्या आठवड्यात परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. पुढं मूल झालं नाही.

"मले वाटे, तुम्ही त नावाचा इचारही केला नसन," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "आन् तुम्ही नाव काढून ठेवलं होतं! कृत्तिका. लय अवघड नाव हो. पण गोड हाय. दुपारपासून घेऊन पाह्यलं मी ते तोंडात."

महादेवराव दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. ते नाव त्यांनी एका रात्री, गच्चीवर, आकाशाकडे पाहून ठरवलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. कागदावर लिहिलं नव्हतं. अडतीस वर्षांत स्वतःशीही उच्चारलं नव्हतं.

"हे मी तुला कधी सांगितलं?" त्यांनी विचारलं. 

"दुपारी. माह्या उशापाशी बसून." त्या थांबल्या. त्यांनी मान जराशी कलती केली, नवीन माणसाचा आवाज पारखतात तशी. "तुमचा घसा काऊन असा झाला? उन्हातून आल्यासारखा."

५

महादेवराव तर्काचे माणूस होते, आणि तर्कानं शेवटी त्यांना एकच गोष्ट सांगितली. काय घडतंय ते कळत नसेल तर नसू दे. या घरात कोणीतरी अन्नपूर्णाबाईंशी बोलत होतं आणि ते महादेवराव नव्हते. म्हणजे महादेवरावांनी बोलायला हवं. जागा रिकामी होती म्हणून भरली गेली. ती आपण भरली की झालं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता त्यांनी यंत्र उघडलंच नाही. मधल्या खोलीत जाऊन बाजेजवळ खुर्ची मांडली. अन्नपूर्णाबाई जाग्या होत्या, हातात जपमाळ होती.

काय बोलायचं असतं? बेचाळीस वर्षं ज्या बाईच्या हातचं जेवलो तिला काय आवडतं, हे त्यांनी आठवून पाहिलं. वांग्याचं भरीत? ते तर त्यांना स्वतःला आवडायचं. शेवटी त्यांनी शेगावच्या प्रवासाचं सांगायला घेतलं. जलंबला गाडी उशिरा आली. फलाटावर संत्री विकणारी बाई होती. उत्तमराव जाड झाले आहेत. सांगता सांगता त्यांच्याच कानाला कळू लागलं की आपलं काहीतरी बिघडतंय. वाक्यं सरळ रांगेत येत होती. क्रियापदं शेवटी, नीट, पुस्तकी. "गाडीत गर्दी नव्हती. मी खिडकीजवळ बसलो. बाहेर ऊन फार होते." घरातली बोली त्यांना सापडेना. इतकी वर्षं ती त्यांनी उंबऱ्याच्या आत ठेवली होती, पण आत तरी कुठं वापरली होती?

अन्नपूर्णाबाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग त्या अस्वस्थ होऊन चुळबुळ करू लागल्या. बाहेरच्या खोलीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली.

"पुंजाजीभाऊ! तो डबा बंद करा ना जरासा. हे बोलून राह्यले, मले आयकू येत नाही."

पुंजाजी यायला अजून तीन तास होते.

"अगं, मी आहे," महादेवराव म्हणाले. "मी बोलतोय."

"आन् वाजवता त हळू तरी वाजवा," अन्नपूर्णाबाई पुंजाजीला म्हणाल्या.

महादेवरावांनी हात पुढं केला. त्यांच्या हाताला स्पर्श केला की कळेल. पण हात थरथरत होता, आणि तो थरथरता हात लागताच त्या दचकून मागं सरल्या, झुरळ पडावं तशा.

महादेवराव गप्प झाले.  अन्नपूर्णाबाईंच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू मावळल्या. बाजेच्या दुसऱ्या बाजूला, उशाकडे, भिंत आणि बाज यांच्यात हातभर जागा होती. तिकडं वळून त्या म्हणाल्या,

"हं. बोला आता."

महादेवरावांना काहीही ऐकू आलं नाही. फक्त अन्नपूर्णाबाई अधूनमधून मान हलवत होत्या.

६

कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्यांनी पुंजाजीला बोलावून घेतलं. यंत्र तुझ्या घरी ने, म्हणाले. आता लिहिणं बंद. बेचाळिसावं पुस्तक नकोच.

"माह्या घरी?" पुंजाजीनं डोळे मोठे केले. "बायको म्हणन, सर नाही आणले न् सरांचा आवाज आणला. जेवाले काय घालू त्याले?"

पण त्यानं महादेवरावांचा चेहरा पाहिला आणि मुकाट्यानं दोरी आणली. सायकलच्या कॅरिअरला धूड बांधलं. पुंजाजी हँडल धरून पुढं, महादेवराव मागून यंत्राला हात लावून.  वाटेत एकदाच पुंजाजी मागं न पाहता म्हणाला, "सर, एक सांगू काय? मागच्या आठवड्यात मी टेप बंद करून कागद जमवून राह्यलो होतो. चकत्या थांबल्या होत्या. तरी बाई आत हसत होत्या. मी म्हटलं, म्हातारं माणूस हाय, हसू द्या."

ते पुंजाजीच्या घरी टेकले नाहीत. यंत्र कोपऱ्यात ठेवलेलं पाहिलं आणि भर उन्हात परत फिरले. टोपी विसरली होती. पण पाय हलके पडत होते. आता घरात एकच आवाज राहील, म्हणत होते ते मनाशी. आपण रोज बोलू. पहिल्यांदा जड जाईल. हळूहळू अन्नपूर्णा ओळखायला लागेल. चार दिवस, आठ दिवस. दुसरं कोणी बोलणारंच नसलं तर माणूस कोणाचं ऐकेल?

एक वाजता ते घरी पोचले. दाराला आतून कडी होती.

त्यांनी कडी वाजवली. "अन्नपूर्णा!"

"कोण?" आतून आवाज आला. जवळून नाही, मधल्या खोलीतून.

"मी."

"मी कोण?"

"मी, अगं. दार उघड."

आत थोडी कुजबुज झाली. एकाच माणसाची कुजबुज, मध्ये थांबत थांबत. मग अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "हे त घरातच हायेत. जेवून राह्यले. तुम्हाले कोण पाह्यजे?"

महादेवरावांनी खिडकीपाशी जाऊन वाळ्याची ताटी बोटानं बाजूला केली. उन्हातून पाहिल्यामुळे आधी नुसता काळोख दिसला. मग बाहेरच्या खोलीतलं रिकामं मेज दिसलं. त्यापलीकडे मधल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. दारातून अन्नपूर्णाबाईंचा गुडघा आणि वाढता हात दिसत होता. हातात भाकरीचा चतकोर. त्यांच्या समोर पाट होता, आणि पाटावर ताटावर वाकलेली एक पाठ.

पांढरा सदरा. मानेवर पिकलेले केस. एवढंच दिसत होतं.

माणसाला स्वतःची पाठ ओळखता येते का? महादेवरावांनी सहासष्ट वर्षांत आपली पाठ कधी पाहिली नव्हती. ती अशीच असेल. नसेलही. उजवा खांदा भाकरी मोडताना हलत होता. हात कापत नव्हता. तो खांदा थांबला. मान वळू लागली, सावकाश, हाक ऐकलेल्या माणसासारखी.

ताटी त्यांच्या हातून सुटली.

ते पुन्हा दाराशी आले. तळहात दारावर ठेवले. "अन्नपूर्णा, मी महादेव आहे. खरंच. काहीही विचार मला. काहीही विचार."

 मग अन्नपूर्णाबाईंचा आवाज दाराच्या अगदी जवळून आला. त्या उठून आल्या होत्या. आवाजात राग नव्हता. जरा कुतूहल होतं.

"काहीही इचारू?"

"हो."

"मी उजव्या कुशीवर काऊन झोपत नाही?"

महादेवरावांनी तोंड उघडलं. उजव्या कुशीवर. एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर, बेचाळीस वर्षं. त्या उजव्या कुशीवर झोपत नाहीत हेच त्यांना आत्ता कळत होतं. दुखत असेल? काही लागलं असेल, लहानपणी? की मूल त्या कुशीला ठेवलं होतं, ते नऊ दिवस? की उजवीकडे तोंड केलं तर नवऱ्याची पाठ दिसायची म्हणून? त्यांनी भराभर उत्तरं जुळवली. प्रत्येक उत्तर शक्य होतं. मेघश्यामनं यातून एक निवडलं असतं आणि ते बरोबर निघालं असतं.

"तुला... तिकडं दुखतं," ते म्हणाले.

 आत अन्नपूर्णाबाईंनी सुस्कारा सोडला.

"यांनी परवाच सांगतलं ते मले," त्या म्हणाल्या. "मी इचारलंही नव्हतं."

महादेवरावांचे हात दारावरून घसरले. गल्लीत ऊन पांढरं झालं होतं. जनकाबाईंचं दार बंद होतं, सगळी दारं बंद होती.

"बाबा," अन्नपूर्णाबाई आतून मायेनं म्हणाल्या, दारावर आलेल्या कोणालाही म्हणाव्या तशा, "एवढ्या उन्हाचं कुठं फिरता? तब्येत बरी नाही वाटते तुमची. बसा ओट्यावर, सावलीत. यांचं जेवण झालं की पाणी देते पाठवून."

त्यांची चाहूल आत गेली की नाही, ते महादेवरावांना कळलं नाही. ते ओट्यावर बसले. दुसरं कुठं बसायला जागा नव्हती. भिंत तापली होती. आत ताट सरकल्याचा आवाज झाला. चूळ भरल्याचा आवाज झाला. रांजणावरचं झाकण उचललं गेलं, तांब्या बुडाला.

मग पावलं. मधल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत, तिथून दाराकडे, घाई न करता.

अन्नपूर्णाबाईंची पावलं कशी वाजतात, ते महादेवराव आठवू लागले. ती पावलं बेचाळीस वर्षं या घरात त्यांच्या मागंपुढं फिरली होती, चहा घेऊन, कंदील घेऊन, गोळी घेऊन. त्यांनी डोळे मिटून घेतले, जीव कानात आणला.

त्यांना आठवेना.

कडी निघाली.